कुलूप सर्व्हरवर, किल्ली लॉकरमध्ये: रोजचा बॅकअप एन्क्रिप्ट करण्यासाठी एज

आधी प्रश्न थोडक्यात. एका पतसंस्थेचा संगणक विभाग एकहाती सांभाळणारे गृहस्थ विचारतात की, रोज रात्री डेटाबेसचा साधारण ४० जीबीचा बॅकअप निघतो, तो ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या संचातल्या ‘एन्क’ कमांडने ‘एन्कोड’ करून आम्ही भाड्याच्या क्लाउडवर चढवतो. पासवर्ड स्क्रिप्टमध्येच लिहिलेला आहे आणि यंदा लेखापरीक्षकांनी त्यावर बोट ठेवलं. त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत: कमांड लाइनवरून चालणारं भरवशाचं साधन, सभासदांची कागदपत्रं साठवणाऱ्या त्यांच्या गो भाषेतल्या प्रोग्रामला जोडता येईल अशी लायब्ररी, आणि ‘किल्ली हरवली तर काय?’ याचं उत्तर.

गेली सोळा वर्षं मी सहकारी संस्था, छोटी रुग्णालयं अशा ठिकाणचे सर्व्हर सांभाळते आहे. तुमचा तिसरा प्रश्न खरं तर पहिला आहे. पहिल्या दोघांचं उत्तर एकाच शब्दात देता येतं: एज.

एज (age) हे फाइली एन्क्रिप्ट करण्याचं साधन आणि लायब्ररी दोन्ही आहे. फिलिप्पो वाल्सोर्दा आणि बेन कार्टराइट-कॉक्स यांनी २०१९ मध्ये त्याचा आराखडा मांडला आणि १.० ही आवृत्ती सप्टेंबर २०२१ मध्ये आली. मूळ प्रोग्राम गो भाषेतच आहे, म्हणजे तुमचं काम आणखी सोपं. (वाल्सोर्दा स्वतः नावाचा उच्चार ‘आगे’च्या जवळपास करतात. आपल्याकडे सगळे एजच म्हणतात, मीही तेच लिहिते.) उबुंटू २२.०४ आणि डेबियन १२ पासून ते थेट एपीटीने बसतं, विंडोजवर विनगेटने येतं. रस्ट भाषेत ‘रेज’ नावाचा दुसरा प्रोग्राम आहे, तो हाच फॉरमॅट वाचतो आणि लिहितो. बॅकअपसाठी मला हे फार मोलाचं वाटतं. दहा वर्षांनी एक प्रोग्राम बंद पडला तरी फॉरमॅट लिहून ठेवलेला आहे आणि तो वाचणारे दुसरे प्रोग्राम आहेत.

‘एन्कोड’ या शब्दाबद्दल एकच सांगते. तुम्ही करताय ते एन्क्रिप्शनच आहे, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं रूपांतर, पण धोरणाच्या कागदावर ‘एन्कोड’ लिहू नका. बेस६४ मध्ये, म्हणजे किल्ली न लागणाऱ्या साध्या अक्षरी मांडणीत, बदललेली फाइलही एन्कोडच असते आणि ती कोणीही एका कमांडने उघडतो. मी अशा ‘सुरक्षित’ फाइली पाहिल्या आहेत. शब्द सैल असला की काम सैल व्हायला वेळ लागत नाही.

आता तुमची सध्याची स्क्रिप्ट. ओपनएसएसएल हे वाईट साधन नाही, इंटरनेटचा मोठा भाग त्याच्या खांद्यावर उभा आहे. पण त्यातली एन्क ही कमांड ना धड साधन आहे, ना धड फॉरमॅट. फाइलच्या सुरुवातीला ‘सॉल्टेड’ हा शब्द आणि ८ बाइटचं सॉल्ट (पासवर्डात मिसळायचे यादृच्छिक बाइट) एवढंच ती लिहिते. कोणता सायफर (बंद करण्याची गणिती पद्धत) वापरला, पासवर्डपासून किल्ली कशी बनवली, किती फेऱ्या केल्या, यातलं काहीही फाइलमध्ये नसतं. ते तुमच्या डोक्यात किंवा स्क्रिप्टमध्ये असतं, आणि स्क्रिप्ट ज्या सर्व्हरवर असते तो जळाला म्हणूनच तर आपण बॅकअप शोधत असतो.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. एका संस्थेचा जुना सर्व्हर बंद पडला, नवा उभा केला, क्लाउडवरून कालची फाइल उतरवली. पासवर्ड माहीत होता, तीन माणसांनी तीनदा तपासला. पडद्यावर एकच ओळ: ‘बॅड डिक्रिप्ट’. परवाची फाइल, तेच. मागच्या महिन्याची, तेच. बाहेर व्हरांड्यात व्यवस्थापक येरझाऱ्या घालत होते, सकाळी दहाला शाखा उघडायची होती. पहाटे कधीतरी लक्षात आलं की जुन्या सर्व्हरवर ओपनएसएसएलची १.०.२ आवृत्ती होती आणि नव्यावर १.१.१. मधल्या काळात, १.१.० पासून, पासवर्डपासून किल्ली बनवायला ठरलेलं हॅश फंक्शन (मजकुराचा ठसा काढणारं गणित) एमडी५ ऐवजी एसएचए-२५६ झालं होतं. पासवर्ड बरोबर होता, पण त्यापासून निघणारी किल्ली वेगळी. कमांडमध्ये एमडी५ वापरायला सांगणारा पर्याय जोडला आणि फाइल उघडली. त्या रात्रीनंतर मी कोणत्याही नव्या कामात एन्क वापरलेली नाही.

दुसरा दोष याहून मोठा आहे, पण तो दिसत नाही. एन्क फाइलची सत्यता तपासत नाही. सीबीसी पद्धतीत (१६ बाइटचे ठोकळे एकमेकांत गुंफून बंद करतात ती) साठवलेल्या फाइलमधला मधलाच एक बाइट बिघडला तर तो १६ बाइटचा ठोकळा कचरा होतो, पुढच्या ठोकळ्यातला त्याच जागेवरचा बाइट बदलतो, आणि ओपनएसएसएल चकार शब्द काढत नाही. बाकीची फाइल व्यवस्थित उघडते. डेटाबेसच्या डंपमध्ये तो बाइट एखाद्या ठेवीच्या रकमेतला असू शकतो. आत गझिपने दाबलेली फाइल असेल तर तिचा सीआरसी (पडताळणीचा आकडा) तक्रार करेल, पण सीआरसी अपघातासाठी असतो, घातपातासाठी नाही. चुकीचा पासवर्डसुद्धा एन्क फक्त शेवटच्या ठोकळ्यातल्या पॅडिंगवरून (उरलेली जागा भरणाऱ्या बाइटांवरून) ओळखते, म्हणजे साधारण २५६ पैकी एका वेळी चुकीच्या पासवर्डालाही ती ‘झालं’ म्हणते आणि कचरा हातात देते.

तिसरा दोष लेखापरीक्षकांनी दाखवलाच आहे. ज्या सर्व्हरवर फाइल बंद होते त्याच सर्व्हरवर ती उघडण्याचा पासवर्ड आहे. सर्व्हर कोणाच्या हाती लागला तर आजचा डेटा तर गेलाच, शिवाय क्लाउडवरचा तीन वर्षांचा इतिहासही गेला. आणि पासवर्ड कमांडमध्येच लिहिला असेल तर स्क्रिप्ट चालू असताना त्या यंत्रावर प्रक्रियांची यादी बघणाऱ्या कोणालाही तो दिसू शकतो.

एजमध्ये हे मुळातच वेगळं आहे. गल्लीच्या कोपऱ्यावरची टपालपेटी आठवा. पत्र कोणीही टाकू शकतं, काढू मात्र तोच शकतो ज्याच्याकडे पेटीची किल्ली आहे. सर्व्हर म्हणजे पत्र टाकणारा. त्याला पब्लिक की, म्हणजे फक्त बंद करणारी किल्ली, पुरते. प्रायव्हेट की, म्हणजे उघडणारी गुपित किल्ली, त्या यंत्रावर कधी आलेलीच नसते, मग चोरीला कुठून जाणार?

किल्ली बनवण्याची कमांड आहे एज-कीजेन. ती सर्व्हरवर चालवू नका, तुमच्या लॅपटॉपवर चालवा. तीन ओळींची फाइल मिळते: पहिल्या ओळीत तारीख, दुसरीत पब्लिक की, तिसरीत प्रायव्हेट की. पब्लिक की ६२ अक्षरांची, ‘एज१’ने सुरू होणारी. प्रायव्हेट की ७४ अक्षरांची, मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत ‘एज-सीक्रेट-की-१’ अशी सुरुवात. फरक डोळ्यांना लगेच कळतो आणि तो कामाचा आहे, कारण घाईत चुकीची ओळ मेलमध्ये डकवणं ही नेहमीची चूक आहे. जीपीजी या जुन्या एन्क्रिप्शन साधनासारखी किल्ल्यांची वही नाही, विश्वासाचे स्तर नाहीत, कालबाह्यतेच्या तारखा नाहीत. ज्यांना एन्क्रिप्ट करायचं त्यांच्या पब्लिक की एका साध्या मजकूर फाइलमध्ये ओळीने लिहायच्या. हॅशच्या खुणेने टीप लिहिता येते, ती जरूर लिहा: ही किल्ली कोणाची, कधी बनवली, प्रायव्हेट की कुठे आहे. सर्व्हरवर फक्त ही फाइल ठेवायची. एजला कॅपिटल आर पर्यायाने ती दाखवायची आणि ओ पर्यायाने निकालाच्या फाइलचं नाव द्यायचं, संपलं.

बंद केलेली फाइल एकदा उघड्या डोळ्यांनी बघाच. हेड कमांडने पहिल्या काही ओळी काढा. पहिल्या ओळीत फॉरमॅटचं नाव आणि ‘व्ही१’. मग बाणाने सुरू होणारी एकेक ओळ, प्रत्येक प्राप्तकर्त्यासाठी एक: ‘एक्स२५५१९’ आणि पुढे एकदाच वापरायची पब्लिक की. तिच्याखालच्या ओळीत फाइलची खरी किल्ली त्या माणसासाठी गुंडाळून ठेवलेली असते. शेवटी तीन आडव्या रेघा आणि हेडरची मोहोर. त्याखाली सगळं बायनरी. प्रत्येक फाइलसाठी १२८ बिटांची नवी किल्ली जन्माला येते, माल तिने बंद होतो आणि माणसांच्या किल्ल्या फक्त ही छोटी किल्ली गुंडाळायला लागतात. म्हणून तीन माणसांसाठी बंद केलेली फाइल एका माणसासाठी बंद केलेल्या फाइलपेक्षा शे-दोनशे बाइटनेच मोठी असते, तिप्पट नाही.

प्राप्तकर्त्याचं नाव किंवा त्याच्या किल्लीची खूण हेडरमध्ये नसते. क्लाउडवाल्याला फाइल कोणासाठी आहे ते कळत नाही. एसएसएच किल्ल्या (सर्व्हरवर लांबून लॉगिन करण्याच्या) वापरल्या तर मात्र छोटी खूण पडते. एज त्या किल्ल्याही घेतं, पण बॅकअपसाठी मी त्या वापरत नाही. माणूस लॅपटॉप बदलतो, एसएसएचची किल्ली नवी करतो, जुनी पुसतो, आणि तिच्यावर बॅकअप अवलंबून आहे हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं.

माल ६४ केबीच्या तुकड्यांत कापून प्रत्येक तुकडा चाचा२०-पॉली१३०५ या सायफरने बंद होतो. प्रत्येक तुकड्याला १६ बाइटची मोहोर, त्याचा क्रमांक आणि ‘हा शेवटचा आहे की नाही’ याची खूण असते. एक बाइट बदलला, दोन तुकड्यांची अदलाबदल झाली, शेपूट तुटली, तर एज तिथेच थांबतं आणि चूक सांगतं. तुम्हाला ४० जीबीचा आकार वाढायची काळजी असेल तर हिशोब सोपा आहे: ६,५५,३६० तुकडे, प्रत्येकी १६ बाइट, म्हणजे एकूण १० एमबी. मेमरीही तुकड्यापुरतीच लागते, त्यामुळे ४० जीबीची फाइल जुन्या, दोन जीबी रॅमच्या यंत्रावरही सुखाने बंद होते. दाबणं (कॉम्प्रेशन) मात्र आधी करा. एन्क्रिप्ट झालेला माल दाबला जात नाही.

इथपर्यंत सगळं सोपं आहे. माझ्या अनुभवात चुका होतात त्या पुढे, पाइपमध्ये, म्हणजे एका कमांडचा माल थेट पुढच्या कमांडला देणाऱ्या साखळीत.

तुमची नवी स्क्रिप्ट अशी असेल: डंप (डेटाबेसची पूर्ण नक्कल) काढणारी कमांड, तिचा माल झेडएसटीडी या दाबणाऱ्या प्रोग्राममध्ये, त्याचा माल एजमध्ये, आणि निकाल फाइलीत. समजा रात्री दोनला डेटाबेसने मधेच कनेक्शन तोडलं. डंपची कमांड मेली. झेडएसटीडीला वाटलं माल संपला, त्याने नीट शेवट केला. एजनेही शेवटच्या तुकड्यावर खूण लावून फाइल पूर्ण केली. निकाल: अर्ध्या डेटाबेसची, पण एजच्या दृष्टीने निर्दोष फाइल. आणि स्क्रिप्ट चालवणारा बॅश पाइपमधल्या फक्त शेवटच्या कमांडचा निकाल बघतो, त्यामुळे ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या क्रॉनला सगळं आलबेल दिसतं. म्हणून स्क्रिप्टच्या डोक्यावर ‘पाइपफेल’ पर्याय चालू केलाच पाहिजे, म्हणजे साखळीतली कुठलीही कडी तुटली तर पूर्ण साखळी अपयशी धरली जाते. शिवाय निकाल आधी ‘पार्ट’ असं शेपूट असलेल्या नावाने लिहा आणि सगळं यशस्वी झाल्यावरच खऱ्या नावावर न्या. क्लाउडवर चढवणारी स्क्रिप्ट फक्त खऱ्या नावाच्या फाइलींना हात लावेल असं करा. डंपच्या शेवटी ‘पूर्ण झाला’ अशी ओळ येत असेल तर रिस्टोरच्या चाचणीत तीही तपासा.

उघडताना याचंच उलटं रूप दिसतं. एज तुकडा तपासतं आणि लगेच पुढे सोडतं. फाइलची शेपूट तुटलेली असेल तर ते चूक नक्की सांगेल, पण तोवर आधीचे सगळे तुकडे पाइपमधून डेटाबेसमध्ये गेलेले असतील. ते तुकडे खरेच असतात, फक्त अपुरे असतात. त्यामुळे चालू डेटाबेसवर थेट पाइपने रिस्टोर करू नका. आधी डिस्कवर पूर्ण उघडा, कमांडचा निकाल शून्य (म्हणजे यशस्वी) आला याची खात्री करा, मग आत घ्या.

आता लायब्ररी. गोमध्ये कामाची फंक्शनं मोजकी आहेत. एन्क्रिप्ट या फंक्शनला लिहायची जागा आणि प्राप्तकर्त्यांची यादी द्या, ते तुम्हाला एक रायटर (माल ओतायची नळी) देतं, त्यात साधा माल ओता. डिक्रिप्टला वाचायची जागा आणि प्रायव्हेट की द्या, ते रीडर देतं. सायफर निवडा, नॉन्स (एकदाच वापरायचा आकडा) बनवा, हे प्रश्नच ते विचारत नाही. एन्क्रिप्शनची लायब्ररी निवडताना मी हेच बघते: चुकीचा पर्याय निवडायची सोय तिने ठेवली आहे का? इथे जवळजवळ नाही.

एक खड्डा मात्र आहे आणि त्यात मी दुसऱ्यांचे प्रोग्राम पडलेले पाहिले आहेत. मिळालेला रायटर काम संपल्यावर क्लोज करावाच लागतो, कारण शेवटचा तुकडा त्याच क्षणी लिहिला जातो. बरेच जण सवयीने क्लोजला ‘डिफर’ लावतात, म्हणजे फंक्शन संपताना ते आपोआप व्हावं असं ठरवतात, आणि त्याची चूक बघत नाहीत. डिस्क भरलेली असते, क्लोज अपयशी ठरतो, फंक्शन मात्र ‘यशस्वी’ म्हणून परत येतं. सहा महिन्यांनी कोणी ते आधार कार्डाचं स्कॅन उघडायला जातं तेव्हा कळतं. त्यामुळे क्रम असा ठेवा: माल कॉपी, चूक बघा, एजचा रायटर क्लोज, चूक बघा, मूळ फाइल सिंक (डिस्कवर पक्की) आणि क्लोज, चूक बघा, मगच डेटाबेसमध्ये ‘कागदपत्र साठवलं’ अशी नोंद करा. वाचतानाही, कॉपी पूर्ण होऊन चूक आलेली नाही हे कळेपर्यंत तो माल वापरू नका.

तुमच्या कागदपत्रांच्या प्रोग्रामची गोष्ट बॅकअपपेक्षा वेगळी आहे, हे आधीच ओळखा. बॅकअप रोज बंद होतो आणि क्वचित उघडतो. सभासदाचं कागदपत्र शाखेतला माणूस दिवसातून वीस वेळा उघडेल, म्हणजे प्रायव्हेट की कुठेतरी चालू यंत्रावर असणारच. तिथे टपालपेटीचा फायदा अर्धाच मिळतो. मी असं करेन: कागदपत्र घेणारा आणि बंद करणारा भाग वेगळा, त्याच्याकडे फक्त पब्लिक की. दाखवणारा भाग वेगळ्या यंत्रावर, त्याच्याकडे प्रायव्हेट की, आणि कोणी कोणतं कागदपत्र उघडलं याची प्रत्येक वेळी नोंद. या कामाची किल्ली आणि बॅकअपची किल्ली कधीही एक नको. डेटाबेसच्या एकेका रकान्यासाठी, शोध घ्यायच्या मजकुरासाठी एज वापरू नका, ते त्या कामाचं नाही.

तिसऱ्या प्रश्नाकडे येते. किल्ली हरवली तर काय? काहीच करता येत नाही. फाइल गेली. एज लिहिणारे, मी, पोलीस, कोणीही ती उघडू शकत नाही. पासवर्ड विसरला तर बँक नवा देते, तशी इथे मागची दारं नाहीत. म्हणून किल्लीचा बंदोबस्त हा या कामाचा निम्म्याहून अधिक भाग आहे.

पहिली गोष्ट: एका किल्लीवर राहू नका. किमान तीन प्राप्तकर्ते ठेवा. एक तुमची नेहमीच्या चाचणीची, एक संस्थेची कागदावर छापून लॉकरमध्ये ठेवलेली, एक दुसऱ्या शहरात किंवा निदान दुसऱ्या इमारतीत. एजमध्ये यातली कोणतीही एक किल्ली पुरते हे लक्षात ठेवा. तुमच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या लागतात, एक व्यवस्थापकाकडे आणि एक रोखपालाकडे, दोघं आल्याशिवाय दार उघडत नाही. एजमध्ये तसं आपोआप होत नाही. ते हवं असेल, आणि लॉकरमधल्या किल्लीसाठी मी ते नक्की सुचवेन, तर प्रायव्हेट कीची फाइलच एजच्या पासफ्रेजने बंद करा. कागद लॉकरमध्ये, पासफ्रेज सीलबंद पाकिटात अध्यक्षांकडे. एज अशी बंद आयडेंटिटी फाइल (प्रायव्हेट कीची फाइल) थेट वापरतं, पासफ्रेज विचारतं आणि पुढे जातं. पासफ्रेज स्वतः सुचवू नका. विचारल्यावर नुसता एंटर दाबला की एज यादृच्छिक दहा शब्द जोडून देतं, ते उतरवून घ्या. पासफ्रेजपासून किल्ली बनवायला ते एसक्रिप्ट ही मुद्दाम जड ठेवलेली पद्धत वापरतं आणि त्यासाठी प्रत्येक प्रयत्नाला २५६ एमबी मेमरी आणि सुमारे एक सेकंद जातो. अंदाज लावणाऱ्याला हे फार महाग पडतं. एजची मूळ कमांड पासफ्रेज टर्मिनलवरच टाइप करायला लावते, कमांडमध्ये लिहून देण्याचा पर्याय तिच्यात नाही, आणि तुमच्या लेखापरीक्षकांना हे वाक्य आवडेल.

साध्या, पासफ्रेज नसलेल्या प्रायव्हेट कीची ७४ अक्षरं कागदावरून पुन्हा टाइप करणं वाटतं तितकं अवघड नाही. ती बेक३२ पद्धतीने लिहिलेली असतात. ‘१’ नंतरच्या भागात बी, आय आणि ओ ही अक्षरं आणि १ हा आकडा येतच नाहीत, त्यामुळे ओ की शून्य हा घोळ नाही. शेवटची ६ अक्षरं पडताळणीची, एखादं अक्षर चुकलं तर एज ती किल्ली घेतच नाही. मी दर वर्षी मार्चअखेरनंतर, लेखापरीक्षणाची धावपळ संपली की, संस्थेच्या एखाद्या कर्मचाऱ्याला कागद हातात देऊन किल्ली टाइप करायला सांगते. मी बाजूला बसते, हात लावत नाही. एका ठिकाणी लॉकरमधून काढलेला कागद थर्मल प्रिंटरवर छापलेला निघाला. अक्षरं जवळजवळ उडाली होती, तिरक्या उजेडात धरून वाचावी लागली. तेव्हापासून लेझर प्रिंट, दोन प्रती, आणि शेजारी हाताने बॉलपेनने लिहिलेली तिसरी.

दुसरी गोष्ट: सर्व्हरकडे प्रायव्हेट की नसल्यामुळे तो स्वतःचे बॅकअप तपासू शकत नाही. सुरक्षिततेची ही किंमत आहे आणि ती भरावीच लागते. आठवड्यातून एकदा, किल्ली असलेल्या यंत्रावर, क्लाउडवरून उतरवलेली फाइल उघडून पूर्ण वाचली जाते का ते बघा. तीन महिन्यांतून एकदा रिकाम्या यंत्रावर खरा रिस्टोर करा, दोन-चार खात्यांची शिल्लक ताळून बघा, आणि घड्याळ लावून किती वेळ लागला ते लिहून ठेवा.

तिसरी: माणूस नोकरी सोडून गेला की त्याची पब्लिक की यादीतून काढा. उद्यापासूनच्या फाइली त्याला उघडणार नाहीत. जुन्या मात्र उघडतील, त्याच्यापुरतं हेडर पुसण्याची सोय नाही. त्या नव्या यादीसाठी पुन्हा बंद कराव्या लागतात, आणि त्याने आधीच काही उतरवून नेलं असेल तर तेही काम येत नाही. क्लाउडची दारं त्याच्यासाठी त्याच दिवशी बंद होणं जास्त महत्त्वाचं.

एज काय करत नाही हेही सांगायला हवं. ते सही करत नाही. टपालपेटीत पत्र कोणीही टाकू शकतं, तसंच तुमची पब्लिक की मिळालेला कोणीही तुमच्यासाठी निर्दोष दिसणारी फाइल बनवून क्लाउडवर ठेवू शकतो. म्हणून बॅकअपच्या फाइलीवर मिनीसाइन या डिजिटल सहीच्या साधनाने वेगळी सही करा. आणि सर्व्हरवर घुसलेला माणूस बॅकअप वाचू शकला नाही तरी पुसू शकतो. खंडणीखोर आधी तेच करतात. क्लाउडची जागा अशी ठेवा की सर्व्हरच्या खात्याला नवी फाइल चढवता येईल, पण जुनी पुसता किंवा बदलता येणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा उपाय न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. संचालक मंडळाला खर्चाचं कारण विचारायचं असेल तर हे कलम दाखवा.

जीपीजी पूर्ण सोडू नका. एखादी मोठी बँक फाइलींच्या देवाणघेवाणीसाठी पीजीपी किल्ली (जीपीजी वापरतं त्याच पद्धतीची) मागेल, तिथे तेच लागेल. झिपचा पासवर्ड मात्र विसरा. जुन्या झिपची एन्क्रिप्शन पद्धत एली बिहॅम आणि पॉल कोचर यांनी १९९४ मध्येच मोडून दाखवली होती, आणि एईएस हा भक्कम सायफर वापरणाऱ्या नव्या झिपमध्येही आतल्या फाइलींची नावं उघडीच राहतात.

राहिल्या क्लाउडवरच्या जुन्या फाइली. स्क्रिप्टमधला पासवर्ड फुटला असंच धरून चाला. तो शेलच्या इतिहासात असेल, स्क्रिप्टच्या जुन्या प्रतींत असेल, आधीच्या कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपवर असेल. नियमाने जेवढ्या ठेवायच्या तेवढ्याच फाइली निवडा. प्रत्येक फाइल किल्ली असलेल्या तुमच्या यंत्रावर ओपनएसएसएलने उघडा, आतल्या गझिपची तपासणी पूर्ण पार पडली याची खात्री करा, आणि मग एजने बंद करा. उघडताना कोणत्या वर्षी कोणती आवृत्ती होती ते बघून एमडी५ की एसएचए-२५६ ते ठरवा. नवी फाइल उघडून आतल्या मालाचा एसएचए-२५६ जुन्याशी जुळला की जुनी पुसा. क्लाउडने तिच्या मागच्या आवृत्त्या ठेवल्या असतील तर त्याही पुसा. मी हे काम करते तेव्हा सगळ्यांत जुन्या फाइलीपासून सुरुवात करते. उघडण्यात अडचण आली तर ती तिथेच येते, आणि त्या वेळी जुनं यंत्र किंवा त्यावर काम केलेला माणूस अजून हाताशी असलेला बरा.